गाडीची आंघोळ

आमच्या घरी लोखंडाला आंघोळ घालतात.

हे वाचून कुणी लगेच बादली, नळी आणि साबणाचा फेस डोळ्यांसमोर आणू नये. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कारखान्यात लेथवर काम करायचे. खंडेनवमीला ते आपले पाने, पकडी आणि मापं घ्यायची साधनं पाटावर मांडून ठेवत. शेजारी आईची कात्री, विळी आणि अडकित्ता. झेंडूचं फूल पंचपात्रातल्या पाण्यात बुडवायचं, त्याचे दोन-चार थेंब हत्यारांवर शिंपडायचे, झालं. तेही थेंब अण्णा खोबरेल लावलेल्या फडक्यानं लगेच टिपून घ्यायचे, कारण पाण्यानं गंज चढतो आणि गंजलेलं हत्यार पाहिलं की त्यांचा पारा चढायचा. एवढ्याशा त्या शिंपडण्याला आमच्या घरात आंघोळ म्हणत. देवाला आंघोळ, तशीच ज्याच्यावर पोट भरतं त्या लोखंडालाही. 'हत्यारांची आंघोळ झाली का?' असं आई स्वयंपाकघरातून विचारायची आणि झाली म्हटलं की मगच पुरणाला हात लावायची.

हा शब्द आमच्या घराबाहेर कधी गेला नव्हता. जायला जागाच नव्हती. आमचं घराणं बंगळूरला कधी आलं ते सांगायला आता कुणी उरलेलं नाही. तलवारी घेऊन आले आणि इथलेच झाले, एवढंच अण्णा सांगत. बाहेर आम्ही कन्नड बोलतो. मी कॉलेजात हिंदी शिकवलं. मराठी उरलं ते माझ्या आणि आईच्या जेवणाच्या टेबलावर, आणि आई व मावशी एकत्र बसल्या की त्यांच्यामध्ये. पुण्याहून आलेली माणसं आमचं मराठी ऐकून हसतात. त्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' असतात, आणि मध्येच असे शब्द येतात जे म्हणे तिकडे आता कुणी वापरत नाही. हसोत बापडी.

गाडी मी घेतली ती या दोघींसाठी. मी निवृत्त झाले आणि त्याच सुमारास आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मावशी, आईची धाकटी बहीण, देवनहळ्ळीला मुलाकडे राहते. आम्ही जे. पी. नगरला. एक शहराच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाच्याही पलीकडे. मावशीला ऐकू येत नाही. कानातलं यंत्र तिनं कपाटात ठेवून दिलंय, त्यात नुसता वारा ऐकू येतो म्हणते. त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. आईला तिच्याशी बोलायचं तर तिच्या डाव्या कानाशी बसूनच बोलावं लागतं. ऑपरेशननंतर आईला रिक्षात चढता येईना, भाड्याच्या टॅक्सीवाल्यांना तिचं सावकाश बसणं-उतरणं सोसेना. एक जण तर तिचा पाय आत यायच्या आधीच निघाला होता. त्या दिवशी मी ठरवलं की आता स्वतःची नवी गाडी घ्यायची, उंच सीटची, दार मोठं उघडणारी. आई दर रविवारी मावशीकडे गेलीच पाहिजे. मला दुसरी कसलीही हौस नव्हती.

गाडी गणपतीच्या आधी आली. आईनं मागची सीट हातानं चाचपून पाहिली, 'सरी' म्हणाली, आणि पुढच्या रविवारपासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मावशीच्या घरी त्या दोघी खिडकीशी बसायच्या, मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचायची, आणि आई ओरडून ओरडून तिच्या कानात आठवड्याच्या भानगडी सांगायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणी जमीन विकली, सगळं गल्लीभर ऐकू जायचं. परत येताना आईचा आवाज बसलेला असायचा आणि चेहरा उजळलेला.

पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला मी गाडी बेळ्ळंदूरजवळच्या वर्कशॉपमध्ये नेली. विक्रेत्याचंच ते वर्कशॉप. गारेगार काचेची खोली, कॉफीचं यंत्र, आणि तोंडभर हसून काहीही न सांगणारी माणसं. मी आईला फोनवर उशीर होईल म्हणून सांगत होते, तेवढ्यात काउंटरच्या पलीकडून आवाज आला.

"अक्का, तुमी मराठी हाय काय वो?"

तो तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होता. म्हणजे गाडी आत घेतो, तक्रार लिहून घेतो, आणि आतल्या मेकॅनिकचं म्हणणं आपल्याला समजावून सांगतो तो माणूस. निपाणीकडचा, तिशी ओलांडलेला, व्यवस्थित भांग. त्याचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं, पण तेही हसण्याजोगं, तेही कन्नडच्या शेजारी वाढलेलं. मला किती आनंद झाला ते आज लिहायलाही लाज वाटते. इतकी वर्षं या शहरात काढून दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुणी मला माझ्या भाषेत हाक मारली नव्हती, आणि इथे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस 'अक्का' म्हणत होता. संध्याकाळी गाडी परत देताना त्यानं कौतुकानं बॉनेट उघडून दाखवलं. आत सगळं धुऊन काढलेलं होतं, काळं रबर चकाकत होतं, कोपऱ्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, एवढं कशाला? तो म्हणाला, आपल्या माणसाची गाडी म्हणून मुद्दाम करायला लावलं.

पुढे खंडेनवमी आली. बंगळूरला त्या दिवशी प्रत्येक गाडीला केळीचे खुंट बांधतात, रस्त्यावर कोहळे फोडतात, लिंबं चिरडतात. आईनं आमच्या पद्धतीनं केलं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती खुर्ची टाकून बसली, मी ताट धरलं, तिनं झेंडूच्या फुलानं बॉनेटवर थेंब शिंपडले आणि अण्णांच्याच जुन्या फडक्यानं मला ते पुसायला लावले. त्या रविवारी मावशीनं तिला खणखणीत आवाजात विचारलं, "गाडीला आंघोळ घातलीस काय गं?" आई म्हणाली, घातली की. मावशीनं मान डोलावली. तिच्या घरी अण्णांचा एक पाना आहे, त्याला ती अजून आंघोळ घालते.

डिसेंबरात अवरेकाळूचे दिवस आले. अवरेकाळू म्हणजे पावट्याचे ओले दाणे, बंगळूरची माणसं त्यांच्यासाठी वेडी असतात. आईनं आदल्या दिवशी बसून ते सोलले होते आणि मावशीसाठी डबा भरून मांडीवर घेतला होता. हेब्बाळच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्यावर, जिथे सगळे जण विमान चुकेल या भीतीनं धावतात, तिथे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं. मागून टॅक्सी, बस, कर्कश हॉर्न. मी कशीबशी गाडी कडेला आणली. आईच्या मांडीवरचा डबा उलटला होता आणि ती हलतसुद्धा नव्हती. थोड्या वेळानं गाडी आपोआप सुरू झाली, जणू काही झालंच नाही. आम्ही मावशीकडे गेलो नाही, घरी परतलो. घरी आल्यावर आई म्हणाली, "गाडी नीट दुरुस्त होऊ दे, मग मी बसते." त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. तिचं न बोलणं मला माहीत आहे. ते पक्कं असतं.

मी अर्थातच त्या निपाणीवाल्याला फोन केला. काउंटरच्या नंबरवर नाही, त्यानं दिलेल्या त्याच्या स्वतःच्या नंबरवर. तो म्हणाला, "काळजी करू नगासा अक्का, आपलीच गाडी समजा. मी सोता येऊन नेतो." आणि खरोखर आला. असं कुणी येत नाही. मी आईला म्हटलं, बघ, आपल्या भाषेचा माणूस असला की फरक पडतो. आईनं त्याला कॉफी दिली, कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, दिली, गाव कुठलं, आई-बाप काय करतात, लग्न झालं का, सगळं विचारलं. तो मांडी घालून बसल्यासारखा मोकळा झाला होता. त्यानंही विचारलं. गाडी कुठे उभी असते, खाली नळ आहे का, पूजा-बिजा केली का दसऱ्याला.

"केली की," आई म्हणाली. "खंडेनवमीला आंघोळ घातली, सगळं केलं."

तो हसला. आमच्याकडं पण तसंच, म्हणाला. त्याचा बाप बैलगाडीच्या धुऱ्याला आणि घरच्या कोयत्याला आंघोळ घालायचा. असं म्हणून त्यानं पाण्याच्या पेल्यात बोटांची टोकं बुडवली आणि टेबलावर दोन-तीन थेंब उडवून दाखवले. "एवढंच. न्हाईतर गंजतंय," तो म्हणाला. आईला एवढं हसू आलं की तिनं त्याला आणखी कोडबळी वाढली. तो गेल्यावर ती टेबलावरचे थेंब पदरानं पुसत म्हणाली, चांगला मुलगा आहे, आपला आहे.

गाडी गेली, परत आली. सॉफ्टवेअर नवीन घातलं, असं सांगण्यात आलं. मी आईला न घेता एकटीनंच चालवून पाहिली आणि सिल्क बोर्डच्या चौकात ती परत बंद पडली. पुन्हा वर्कशॉप, पुन्हा कॉफीचं यंत्र. या वेळी काही दोष सापडला नाही, असं कळलं. मी म्हटलं, अहो, दोष सापडला नाही म्हणजे दोष नाही असं नव्हे. तो म्हणाला, अक्का, मी आहे ना. पुढच्या वेळी ती चक्क आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली, भाजीवाल्याच्या गाड्याला चाटून. तेव्हा मात्र मी आवाज चढवला. वॉरंटी आहे की नाही, नवीन गाडी आहे, दुरुस्त करा, नाहीतर बदलून द्या. माझा राग फोनवरून ऐकून त्यानं मला सांगितलं की गाडी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येणार आहे, तो स्वतः बघेल, क्लेम त्याच्याच हातात असतो, आणि आपण सगळं नीट सांगू. 'आपण' म्हणाला तो. मला तेव्हा तो शब्द फार आवडला होता.

या सगळ्यात आठवडे जात होते आणि आईचे रविवार रिकामे जात होते. मी टॅक्सी बोलावते म्हटलं तर ती नको म्हणायची. माझ्या भाच्यानं, मावशीच्या नातवानं, एकदा मावशीला व्हिडिओवर दाखवलं. दोघी एकमेकींकडे बघत हात हलवत राहिल्या, आणि मावशी सारखं 'काय? काय म्हणतीस?' म्हणत राहिली. त्यानंतर आईनं तेही नको म्हटलं. ती दुपारी खिडकीशी बसायची. बोलायला मी होते, पण मी मावशी नव्हते. लहानपणीच्या कुठल्या विहिरीत कोण पडलं होतं हे मला सांगण्यात तिला काय रस.

इंजिनिअर येणार त्या दिवशी आई म्हणाली, मी पण येते. तो मुलगा आहे तिथे, मी बोलते त्याच्याशी. तिनं त्याच्यासाठी कोडबळ्यांचा डबा भरला होता. मी टॅक्सी बोलावली, ड्रायव्हरला आधीच बजावलं की घाई केलीस तर बघ, आणि आम्ही बेळ्ळंदूरला पोचलो. आत एका टेबलापाशी इंजिनिअर बसला होता, सभ्य, सडपातळ, म्हैसूरकडच्या गोड कन्नडमध्ये बोलणारा. शेजारी आमचा माणूस कॉम्प्युटरसमोर. आईला बघून तो उठला, पण 'या आई' म्हणाला नाही. नुसता उठला आणि बसला.

इंजिनिअरनं दोष सापडल्याचं सांगितलं. बॉनेटखालच्या वायरिंगच्या एका कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं, आत हिरवी बुरशी चढावी तसा गंज चढला होता, तिथे वीज मध्येच तुटते आणि इंजिन बंद होतं. मला एवढं हायसं वाटलं की मी हसले. सापडला ना, मग बदला, वॉरंटी आहेच. तो म्हणाला, पाणी बाहेरून घातलेलं असेल तर वॉरंटी लागू होत नाही. मी म्हटलं, कुणी घातलं पाणी? त्यानं मान तिरपी करून, अगदी नम्रपणे, आईकडे बघून कन्नडमध्ये म्हटलं, "अम्मा, नीवे गाडीगे स्नान माडिसिदीरंते?"

म्हणे गाडीला तुम्हीच आंघोळ घातलीत. कन्नड येत नाही त्यालाही हे कळलं असतं.

मी आमच्या माणसाकडे बघितलं. तो पडद्यावर काहीतरी वाचत होता, निदान तसं दाखवत होता. मी इंजिनिअरला विचारलं की हे तुम्हाला कुणी सांगितलं. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंत ना यांना, तुमच्या भाषेत. यांनीच तर आम्हाला समजावून सांगितलं की तुमच्या घरी सणाला गाडीला स्नान घालतात.

मग मी सुटले. कन्नडमध्ये, हिंदीत, जमेल त्या भाषेत. ती आंघोळ म्हणजे फुलाचे थेंब असतात, हे सांगितलं. पहिल्या सर्व्हिसिंगला यांनीच बॉनेटखाली पाण्याचा फवारा मारला, मी डोळ्यांनी पाणी ठिबकताना बघितलं, हेही सांगितलं. इंजिनिअरनं आमच्या माणसाकडे बघितलं. तो इंग्रजीत म्हणाला की इथे इंजिन पाण्यानं धुतलं जात नाही, कोरडं साफ करतात. इतक्या सहज म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, मी बघितलं ते पाणी होतं की तेल. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी होतंच, आणि ते त्यांचं होतं. एकदा नव्हे दोनदा गाडी नेऊन त्यांना ते सापडलं नव्हतं किंवा सापडलं असूनही बोलायचं नव्हतं. मी पहिला फोन केला तेव्हाच त्याला आपला फवारा आठवला असणार, आणि त्यांना दुसऱ्या कुणाचं तरी पाणी हवं होतं. ते शोधायला तो आमच्या घरी आला होता. खाली नळ आहे का, पूजा केली का. मी त्याला आपुलकी समजत होते.

आई मात्र चिडली नाही. ती पुढे झुकली आणि मराठीत त्याला म्हणाली, "तूच दाखवलास की रे. बोटांनी. आमच्या टेबलावर. ह्यांना दाखव तसं."

त्यानं मान वर केली. मला शपथेवर सांगता येईल, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मग तो म्हणाला, "मॅडम, प्लीज, हिंदीत नाहीतर कन्नडमध्ये बोला. सरांना मराठी कळत नाही." आणि हे तो मराठीत नव्हे, हिंदीत म्हणाला.

आईला हिंदी येत नाही असं नाही. अण्णांच्या कारखान्याच्या वसाहतीत तिची अर्धी हयात गेली, तिथे सगळ्या भाषा होत्या. पण तिनं टेबलावर ठेवलेला कोडबळ्यांचा डबा उचलला, पिशवीत घातला, आणि मला हात दे म्हणाली. उठायला तिला वेळ लागतो. तेवढा वेळ तो बसून होता. आम्ही दारापर्यंत गेलो तरी बसूनच होता. मला त्या वेळी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती, आणि ती दिली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी येताना रिंग रोडवर गर्दीत अडकलो होतो. मी ड्रायव्हरसमोरच तोंड सोडलं होतं. कंपनी, विक्रेता, निपाणी, सगळ्यांचा उद्धार चालला होता. मग आईनं विचारलं, "मी आंघोळ म्हटलं म्हणून झालं काय हे?" मी म्हटलं, नाही गं, ते असेच आहेत, त्यांना काहीतरी निमित्त पाहिजेच होतं. ती 'सरी' म्हणाली. पण ते 'सरी' बरोबर आहे असं सांगणारं नव्हतं. पुरे झालं असं सांगणारं होतं.

पुढे मी लढले. ईमेल केले, ग्राहक मंचात तक्रार केली, आणि तिथे मला तारखा मिळतायत. प्रत्येक उत्तरात एकच वाक्य फिरून फिरून येतं, की ग्राहकानं स्वतः तोंडी मान्य केलं आहे. विक्रेत्याकडचा माझा माणूस फोन उचलत नाही. एकदा चुकून उचलला आणि मी 'हॅलो' म्हणताच राँग नंबर म्हणून ठेवून दिला. राँग नंबरसुद्धा इंग्रजीत. शेवटी दुसऱ्या एका गॅरेजमधून मी स्वतःच्या खिशातून ते वायरिंग बदलून घेतलं, कारण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वाट बघायला आईकडे आणि मावशीकडे वेळ नाही. गाडी आता बरी चालते. मी रोज एकटी फिरवून बघितली, दोन वेळा विमानतळाच्या रस्त्यानं जाऊन आले, आणि मग आईला म्हटलं की झाली दुरुस्त. ती बसली. रस्ताभर तिनं वरची कडी घट्ट धरून ठेवली होती, पण बसली.

त्यानंतर मी एक गोष्ट पाहिली. बाहेर कुठे मराठी कानावर आलं की मी थांबते आणि गप्प बसते. मागे मॉलमध्ये एक जोडपं मुलाला मराठीत दटावत होतं. पूर्वी मी वळून हसले असते, कुठले तुम्ही म्हणून विचारलं असतं. त्या दिवशी मी ट्रॉली घेऊन दुसऱ्या रांगेत गेले. इतकी वर्षं या भाषेची भूक लागली होती, आणि ती भागवायला आलेल्या पहिल्याच माणसानं ही गत केली. मला याचा राग आहे. गाडीचा राग ग्राहक मंचात जाईल. हा कुठे नेऊ.

या वर्षी खंडेनवमीला आई खाली आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. ताट तिनंच तयार करून दिलं होतं. मी एकटीनं फूल बुडवलं, थेंब शिंपडले, फडक्यानं पुसले. वर आले तर तिनं 'झाली का' एवढंच विचारलं. काय झाली ते म्हणाली नाही.

रविवारी देवनहळ्ळीला गेलो. दोघी खिडकीशी बसल्या. मी पेपर घेऊन पलीकडे. नेहमीच्या भानगडी सांगून झाल्या, आणि मग मावशीनं तिच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, "गाडीला आंघोळ घातलीस काय गं, यंदा?"

मी पेपर खाली केला. मावशीनं कान पुढे केला, तिला वाटलं आई बोलली आणि आपल्याला ऐकू आलं नाही. आईनं आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या घरात त्या वेळी आम्ही तिघीच होतो, आणि त्या निपाणीवाल्याला सोडलं तर या शब्दाचा अर्थ माहीत असलेली दुसरी माणसं मला जगात माहीत नाहीत.

मग ती मावशीच्या डाव्या कानाशी वाकली आणि सावकाश, एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "आंघोळ नाही गं. नुसते थेंब शिंपडले. लगेच पुसले."